परवडणारे बेस अ‍ॅम्प : बेसवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईचे ऑर्केस्ट्रे, कॉलेजचे बँड, गोव्यातले लग्नाचे बँड, चर्चमधला क्वायर, कुठेही बेस गिटार वाजवणारे दोन बेसवाले भेटले की बोलणं अ‍ॅम्पवर, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यावर, येतंच. तुझा कुठला, केवढ्याला घेतलास, ड्रमपुढे ऐकू येतो का? या गप्पांत तेच तेच प्रश्न निघतात आणि दुकानात त्यांची उत्तरं फार घाईत मिळतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. लाख-दीड लाखाच्या सामानाबद्दल इथे काही नाही. स्वतःच्या पैशाने पहिला किंवा दुसरा अ‍ॅम्प घेणाऱ्यासाठी हे लिहिलं आहे.

किती वॅटचा अ‍ॅम्प घेऊ?

वॅटच्या आधी एक गोष्ट ठरवा: लोकांपर्यंत तुमचा आवाज कोण पोचवणार आहे? कार्यक्रमात साउंडवाला तुमची लाइन घेऊन मोठ्या स्पीकरवर सोडणार असेल, तर अ‍ॅम्प फक्त तुमच्यासाठी आणि शेजारच्या ड्रमरसाठी असतो. साउंड सिस्टिमच नसेल, तर सगळा भार अ‍ॅम्पवर. या दोन गरजांमध्ये किमतीचा फरक कित्येक पटींचा आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक कार्यक्रमांत पहिलीच परिस्थिती असते.

माझा अंदाज असा. घरच्या रियाजाला 15 ते 30 वॅट भरपूर झाले. खऱ्या ड्रमसेटसोबत रिहर्सल करायची असेल तर 12 इंची स्पीकर आणि 100 वॅट, याच्या खाली जाऊ नका. साउंडवाल्याशिवाय छोटा हॉल भरायचा असेल तर 300 वॅटच्या पुढचं बघा आणि स्पीकरही एकापेक्षा जास्त घ्या.

40 की 50 वॅट यावर मात्र डोकं शिणवू नका. वॅट दुप्पट केले की आवाज 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे जाणवेल इतपत. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. 40 आणि 50 मधला फरक कुणाच्याही कानाला कळणार नाही.

गिटारवाल्याचा 20 वॅटचा अ‍ॅम्प कान फोडतो, मग माझा 25 वॅटचा कुठे जातो?

माणसाचा कान खालच्या सुरांना मंद आहे. बेसची चौथी तार मोकळी वाजवली की 41 हर्ट्झ निघतात. गिटारच्या वरच्या सुरांइतक्याच मोठ्याने ते ऐकू यायला कितीतरी जास्त हवा हलवावी लागते. शिवाय गिटारवाल्याला आवाज फाटलेला चालतो, बऱ्याचदा तोच हवा असतो. आपल्याला तो स्वच्छ हवा, म्हणून प्रत्येक ठोक्याच्या सुरुवातीला जो धक्का बसतो त्यासाठी अ‍ॅम्पमध्ये शिल्लक जागा लागते. तुमच्या अ‍ॅम्पमध्ये दोष नाही.

मग स्पीकर किती इंची?

स्वस्त अ‍ॅम्पमध्ये खरा फरक इथेच पडतो. स्पीकर आणि त्याचा खोका यावर कंपनीने किती खर्च केला ते वाजवताना लगेच कळतं, वॅटचा आकडा तर कुणीही छापतं. 8 इंची स्पीकर खोलीपुरता. 10 इंचीला धार येते, बोटांचा आघात स्पष्ट ऐकू येतो. 12 इंची ही माझ्या मते एका स्पीकरवर भागवणाऱ्यासाठी सगळ्यात शहाणपणाची निवड. 15 इंचीचा आवाज गोल आणि जड, पण खोकाही तसाच जड.

‘8 इंचीवर खालची तार वाजते की, ऐकू येते’ असं सगळे म्हणतात. येते, पण तिचा मूळ सूर फार थोडा असतो. 82, 123 असे वरचे स्वरांश स्पीकर देतो आणि खालचा सूर मेंदू स्वतः भरून घेतो. घरी हे पुरतं. ड्रम, ढोलकी आणि कीबोर्डचा डावा हात सुरू झाला की तोच आधार झाकला जातो.

माझा बेस पाच तारांचा आहे. काही वेगळं पाहावं लागेल?

हो. आणि आपल्याकडे पाच तारांची गरज इतरांपेक्षा जास्त पडते, हे दुकानदाराला बऱ्याचदा माहीत नसतं. आपल्याकडे गाणं गायकाच्या पट्टीत होतं. पुरुष गायक काळी एक किंवा काळी दोन सांगतो आणि खालचा सा चौथ्या तारेच्याही खाली जातो. काळी दोनचा खालचा सा म्हणजे पाचव्या तारेचा चौथा पडदा, 38.9 हर्ट्झ. काळी एकचा दुसरा पडदा, 34.6 हर्ट्झ. चार तारांवर तो सा वरच्या सप्तकात घ्यावा लागतो आणि गाण्याखालची जमीनच सरकते.

छोट्या स्पीकरवर हे सूर जोरात वाजवले तर स्पीकरचा कोन (त्याचा हलणारा कागदी पडदा) नुसता पुढे-मागे फडफडतो, आवाज काही निघत नाही. पाच तारांवर ऑर्केस्ट्रा करणाऱ्याने 12 इंचीच्या खाली पैसे घालू नयेत. ज्यांनी आधी 8 इंची घेतला ते सगळे वर्षाच्या आत दुसरा शोधताना पाहिले आहेत.

नावं सांगा. नक्की कुठला घेऊ?

सगळ्यात जास्त बेसवाल्यांनी सुचवलेला आणि मलाही पटलेला म्हणजे फेंडरची रंबल मालिका. रंबल 25 ला 8 इंची स्पीकर, हेडफोनची जागा आणि मोबाइल जोडायला ऑक्स. घरच्यासाठी उत्तम. पण जरा जास्त पैसे जमवता येत असतील तर रंबल 40 वर थेट उडी मारा. त्यात 10 इंची स्पीकर, चार पट्ट्यांचा टोन कंट्रोल आणि मागे साउंडवाल्याला द्यायची एक्सएलआर (तीन पिनांची) लाइन आहे. त्या एका सॉकेटमुळे घरचा अ‍ॅम्प स्टेजवर नेता येतो. रंबल 100 म्हणजे हेच सगळं 12 इंची स्पीकरसह, आणि वजन जेमतेम दहा किलो. एका हातात बेसची बॅग, दुसऱ्या हातात अ‍ॅम्प घेऊन रिक्षात बसता येतं. पहिल्या कार्यक्रमानंतर रात्री एक वाजता घरी परतताना दहा किलोचं महत्त्व कळतं.

रंबलबद्दल एकच सांगणं आहे. त्याचा आवाज गुबगुबीत आणि प्रेमळ आहे. ज्यांना बोटांचा करकरीतपणा हवा, स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून) वाजवायचा आहे, त्यांनी आधी हार्टकी वाजवून बघावा. हार्टकीच्या एचडी मालिकेत स्पीकरचा कोन कागद आणि अ‍ॅल्युमिनियम मिळून केलेला असतो, त्यामुळे आघात धारदार येतो. एचडी 25 घरासाठी, 10 इंचीचा एचडी 50 ड्रमसेट नसलेल्या छोट्या रिहर्सलसाठी.

ऑरेंजचा क्रश बेस 25 हा 8 इंचीतला माझा आवडता. त्यात ट्यूनर आहे आणि मधल्या सुरांची जागा सरकवणारा नॉब आहे, तो नवशिक्याला कान तयार करायला फार उपयोगी पडतो. क्रश बेस 50 ला 12 इंची स्पीकर आहे आणि स्वच्छ आवाजात थोडा फाटलेला आवाज मिसळता येतो. रॉक वाजवणाऱ्या मुलांना तो लगेच आवडतो.

अ‍ॅम्पेगची रॉकेट बेस मालिका अलीकडची. आरबी-108 घरच्यासाठी, आरबी-112 हा 100 वॅटचा, 12 इंची. जुन्या अ‍ॅम्पेगचा जो घोगरा, छातीशी धरलेला आवाज आहे त्याची चव यात लागते. रंबल 100 आणि आरबी-112 शेजारी शेजारी ठेवून वाजवायला मिळाले तर कान काय म्हणतात ते ऐका, कुठलाही घेतलात तरी पैसे वाया जाणार नाहीत.

किमती डॉलर आणि आयातशुल्काबरोबर हलतात, म्हणून इथे आकडे देत नाही. घ्यायच्या आठवड्यात दोन-तीन दुकानांत विचारा. मुंबईत धोबीतलावचं फुर्तादो किंवा तुमच्या गावातलं वाद्यांचं मोठं दुकान, जिथे स्वतःचा बेस नेऊन वाजवता येईल तिथे जा. दुकानातल्या महागड्या बेसवर अ‍ॅम्प कधीही पारखू नका.

स्ट्रेंजर, पाल्को अशा देशी कंपन्यांचे क्यूब कसे?

सुरुवातीला चालतात. त्यांची जमेची बाजू म्हणजे दुरुस्ती. सुटा भाग गावात मिळतो आणि कोणताही रेडिओवाला ते उघडायला घाबरत नाही. मात्र यांतले बरेच गिटार, कीबोर्ड, माइक असं सगळं एकाच खोक्यात चालवायला बनवलेले असतात. बेससाठी म्हणून घेताना चौथी तार मोकळी सोडून आवाज अर्ध्यापर्यंत न्या. खोका थरथरला, जाळी वाजली, सूर ‘भप्’ असा आला तर परत ठेवा.

गिटारच्या अ‍ॅम्पवर बेस वाजवला तर बिघडतो का?

घरी हळू आवाजात वाजवलात तर काही होत नाही. जोरात वाजवलात तर अ‍ॅम्पचं सर्किट टिकतं, पण गिटारचा स्पीकर इतका पुढे-मागे जायला बनवलेला नसतो. तो फाटतो किंवा कॉइल जळते. मित्राचा अ‍ॅम्प असेल तर त्याला विचारल्याशिवाय मुळीच नको. उलट करायला हरकत नाही, बेसच्या अ‍ॅम्पवर गिटार खुशाल वाजवा. कीबोर्डचा अ‍ॅम्प मधला मार्ग आहे, कारण कीबोर्डलाही खालचे सूर लागतात.

घरी आवाज सुरेख येतो, बँडमध्ये गेलो की मी गायब. का?

याचं उत्तर शंभरातल्या नव्वदांना लागू पडतं, म्हणून जरा सविस्तर.

एकट्याने वाजवताना आपण बेसचा नॉब वाढवतो, ट्रेबल वाढवतो आणि मधला भाग खाली पाडतो. कानाला ते भरदार, चकचकीत वाटतं. अनेक अ‍ॅम्पवर याचंच बटण असतं, रंबलवर त्याचं नाव काँटूर. आता बँड सुरू होतो. 60 ते 100 हर्ट्झमध्ये बेस ड्रम ठाण मांडून बसलेला, ढोलकीचा धुमा किंवा तबल्याचा डग्गा तिथेच घुमतोय, कीबोर्डवाल्याचा डावा हातही खालीच. वर झांज आणि गिटार. तुमच्यासाठी मोकळी जागा मध्येच होती, 250 ते 800 हर्ट्झ, आणि तीच तुम्ही रिकामी केलीत.

मग माणूस काय करतो? आवाज वाढवतो. स्टेज घुमायला लागतं, गायक मागे वळून बघतो, साउंडवाला हात खाली कर म्हणतो, आणि सूर तरीही ऐकू येत नाही.

काँटूर बंद करा. सगळे नॉब मध्यावर आणा. बेसचा नॉब मध्यापेक्षा किंचित खाली घ्या, लो-मिड थोडा वर. एकट्याने ऐकाल तर आवाज नाकातून आल्यासारखा, ओबडधोबड वाटेल. तसाच राहू द्या आणि बँडसोबत दोन गाणी वाजवा. कोणता सूर लागतोय ते तुम्हालाही कळेल आणि गायकालाही. माझ्या ओळखीच्या कित्येक बेसवाल्यांनी नवा अ‍ॅम्प घ्यायचा बेत केवळ या एका बदलानंतर रद्द केला.

दुसरी गोष्ट अ‍ॅम्पच्या जागेची. जमिनीवर ठेवलेला कॉम्बो (एकाच खोक्यात अ‍ॅम्प आणि स्पीकर) तुमच्या पोटऱ्यांना ऐकू जातो. तो खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करून तोंड कानाकडे वळवा. भिंतीला, त्यातही कोपऱ्यात टेकवला तर खालचे सूर आपोआप फुगतात. मोकळ्या मैदानात छोट्या अ‍ॅम्पला याचा आधार मिळतो, पण बंद हॉलमध्ये त्यानेच घुमारा होतो. 41 हर्ट्झची एक लाट आठ मीटरहून लांब असते, म्हणून एकाच स्टेजवर दोन पावलं सरकलं तरी खालचा सूर कमी-जास्त होतो. साउंडचेकला अ‍ॅम्पला चिकटून उभे राहू नका, चालून बघा.

साउंडवाल्याला लाइन कशी द्यायची?

अ‍ॅम्पमागे एक्सएलआर लाइन आउट असेल तर सरळ तिथून. शेजारी प्री-पोस्टचं बटण असेल तर प्री ठेवा, म्हणजे तुम्ही स्टेजवर तुमच्या सोयीने टोन बदललात तरी साउंडवाल्याकडे जाणारा आवाज बदलत नाही. लाइन आउट नसेल तर स्वतःचा डीआय बॉक्स, म्हणजे बेसचा सिग्नल साउंडवाल्याच्या मिक्सरला जुळवून देणारा डबा, बाळगा. तो छोटा आहे, टिकाऊ आहे आणि बेसवाल्याच्या बॅगेतली सगळ्यात मोलाची वस्तू आहे.

गावच्या जत्रेत किंवा उत्सवाच्या मंडपात लोकांकडे तोंड केलेले नुसते भोंगे असतात. भोंग्यातून बेसचा खालचा सूर जातच नाही, फक्त तारेचा टणत्कार जातो. अशा ठिकाणी मिड वाढवून, वरच्या सप्तकात वाजवलेली साधी चाल लोकांपर्यंत पोचते. आपला अ‍ॅम्प स्टेजच्या कडेला, लोकांच्या बाजूला तिरपा ठेवला तर पुढच्या रांगांना तरी आधार मिळतो.

हमिंग येतं. अ‍ॅम्प खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. जॅक काढून बघा. नुसता अ‍ॅम्प शांत असेल तर कारण केबल, बेस किंवा वीज यांत आहे. जॅझ बेससारखे दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं पकडणारी एकेरी गुंडाळी) असतील तर दोन्हीचे आवाज सारखे ठेवा, हमिंग एकमेकांना मारतं. एकच वाढवला की परत येतं. तारांना हात लावल्यावर हमिंग कमी होत असेल तर बेसच्या आतलं शील्डिंग (बाहेरचा विजेचा आवाज अडवणारं धातूचं अस्तर) कमी आहे. स्टेजवरच्या दिव्यांचे डिमर आणि साउंड एकाच फेजवर असले तरी सूं-सूं येतं. मंडपवाल्याला वेगळी लाइन मागा, तो देतो. घरी साध्या इन्व्हर्टरवर चालवताना गुरगुर येत असेल तर अ‍ॅम्पला दोष देऊ नका, साइन वेव्ह इन्व्हर्टरवर ती जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हमिंग जावं म्हणून प्लगची अर्थिंगची जाड पिन काढू नका. तिसरं भोक नसलेल्या बोर्डात दोन पिनांचा जुगाड करून अ‍ॅम्प लावू नका. बेसच्या तारा केबलमधून अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पमध्ये कुठे वीज उतरली आणि अर्थिंग नसेल तर ती तारांवर येते. तुमचे हात तारांवर, ओठ माइकला. कोरस गाणाऱ्या बेसवाल्याला बसणारा झटका असाच असतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. माइक आणि तारांमधला व्होल्टेज मल्टिमीटरने मोजायला सांगा. काही व्होल्टच्या वर दिसला तर वाजवायला उभेच राहू नका, आधी अर्थिंग करून घ्या. आयोजक घाई करेल. करू द्या.

डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं ते मात्र बिनधास्त वापरा. ते फक्त सिग्नलची जमीन सोडतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही.

500 वॅट लिहिलंय, पण तेवढा जोर वाटत नाही. फसवणूक आहे का?

नाही, ओमचा (स्पीकर विजेला जो विरोध करतो त्याच्या मापाचा) हिशेब आहे. रंबल 500 चं उदाहरण घ्या. त्याच्या आतले दोन 10 इंची स्पीकर मिळून 8 ओम होतात आणि त्यांवर अ‍ॅम्प 350 वॅट देतो. बाहेरून आणखी एक 8 ओमचं कॅबिनेट (नुसत्या स्पीकरचा खोका) लावलंत की एकूण 4 ओम होतात, तेव्हा 500 पूर्ण मिळतात. दुसरं कॅबिनेट लावून जो फरक पडतो तो वॅटपेक्षा स्पीकरची संख्या वाढल्याचा जास्त असतो.

अ‍ॅम्पच्या मागे ‘किमान 4 ओम’ लिहिलं असेल तर त्याच्या खाली कधीही जाऊ नका. 4 ओमची दोन कॅबिनेटं समांतर जोडली की 2 ओम होतात आणि अ‍ॅम्प तापून बंद पडतो किंवा कायमचा जातो. आणि हेड (स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प) ते कॅबिनेट या प्रवासाला जाड स्पीकर केबलच वापरा. गिटारची केबल दिसायला तशीच असली तरी आतली तार बारीक असते आणि ती तापते.

हेड वेगळं, कॅबिनेट वेगळं घेणं परवडतं का?

आता परवडायला लागलंय. डी-क्लास (कमी तापणारे, हलके) अ‍ॅम्प्लिफायर आल्यापासून 200 वॅटचं हेड तळहातावर मावतं. टीसी इलेक्ट्रॉनिकचं बॅम 200 किंवा ट्रेस इलियटचं एल्फ बेसच्या बॅगेच्या खिशात जातं. ज्या रिहर्सलच्या जागेत कॅबिनेट आहे तिथे नुसतं हेड घेऊन लोकलने जाता येतं. मुंबईत संध्याकाळच्या गर्दीत प्रवास करणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही. घरच्या घरी सराव हाच मुख्य उद्देश असेल तर मात्र कॉम्बोच घ्या.

ट्यूबचा (जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा) आवाज म्हणजे बेसचा खरा आवाज म्हणतात. स्वस्तात ट्यूब मिळेल का?

बेसला पुरेल एवढ्या वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प स्वस्तात मिळत नाही, कारण त्याचे ट्रान्सफॉर्मर आणि ट्यूबच महाग. 1969 साली आलेल्या अ‍ॅम्पेग एसव्हीटीमध्ये 300 वॅटसाठी सहा पॉवर ट्यूब होत्या आणि त्याचं आठ स्पीकरचं कॅबिनेट एकट्या माणसाने उचलायचं कामच नव्हतं. त्याआधी 1951 मध्ये फेंडरचा प्रिसिजन बेस आला, त्यासाठी पुढच्याच वर्षी बासमन अ‍ॅम्प आला. गंमत अशी की बासमन पुढे गिटारवाल्यांनीच पळवला आणि त्याच्याच सर्किटवरून मार्शलचा पहिला अ‍ॅम्प बनला. 1960 च्या अ‍ॅम्पेग बी-15 चे वॅट होते अवघे 25. तो स्टुडिओंमध्ये फार चालला. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसनही क्लबमध्ये तो वापरायचा, आणि त्याने वाजवलेला बेस आजही बेसवाले अभ्यासतात. स्टुडिओत 25 वॅट पुरतात, कारण तिथे ड्रमशी मारामारी नसते.

तो घोगरेपणा हवा असेल तर एखादा प्रीअ‍ॅम्प पेडल (अ‍ॅम्पआधी आवाजाला रंग देणारा छोटा डबा) घ्या आणि साध्या अ‍ॅम्पला जोडा. लोकांना ऐकू येणारा फरक फार थोडा उरतो.

सेकंडहँड घेताना काय तपासू?

माझं मत स्पष्ट आहे: मर्यादित पैशात नव्या छोट्या अ‍ॅम्पपेक्षा जुना मोठा अ‍ॅम्प बरा. मध्यम प्रतीचा कॉम्बो नीट वापरला तर वर्षानुवर्षं टिकतो आणि हौस संपलेले लोक तो चांगल्या स्थितीत विकतात. घाईने मात्र पैसे देऊ नका.

जाताना स्वतःचा बेस आणि खात्रीची केबल न्या. अ‍ॅम्प थंड असताना सुरू करा, जॅक न लावता आवाज हळूहळू पूर्ण वाढवा आणि ऐका. थोडी सूं-सूं ठीक, पण ‘ब्रू’ असा जाड आवाज असेल तर कपॅसिटर थकलेत. प्रत्येक नॉब फिरवा. खरखर आली तर ती कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते, त्यावरून घासाघीस करा. जॅकच्या सॉकेटमध्ये पिन हलवा. आवाज तुटत असेल तर सोल्डर सुटलंय, हे काम छोटं आहे.

मग स्पीकर. जाळी निघत असेल तर काढा, दोन्ही हातांची बोटं कोनवर गोलाकार, सगळीकडे सारखा दाब येईल अशी ठेवा आणि अगदी हळू आत ढकला. कान जवळ न्या. मऊ, निःशब्द हालचाल हवी. वाळूवर पाय घासल्यासारखी खर्र ऐकू आली तर कॉइल घासतेय आणि तो स्पीकर रीकोन करावा (नवा कोन आणि कॉइल बसवून घ्यावा) लागेल. नंतर सगळ्यात खालचा सूर लांब धरून ठेवा, एकेक पडदा वर चढत जा. एखाद्याच सुरावर खडखड आली तर खोक्याचा स्क्रू, हँडल किंवा जाळी सैल आहे. सगळ्याच खालच्या सुरांवर फाटल्यासारखं आलं तर स्पीकर गेला. शेवटी अर्धा तास चालू ठेवून चहा प्या. गरम झाल्यावरच बिघाड दाखवणारे अ‍ॅम्प बरेच असतात.

भाऊ अमेरिकेतून येतोय. त्याला आणायला सांगू का?

अ‍ॅम्पच्या मागच्या पट्टीवर काय लिहिलंय त्याचा फोटो आधी मागवा. तिथली वीज 120 व्होल्ट, आपली 230. फक्त 120 लिहिलं असेल तर तो थेट लावल्याक्षणी जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, अ‍ॅम्प घेतो त्याहून चांगल्याच जास्त क्षमतेचा, आणि तो प्रत्येक कार्यक्रमाला वाहून न्यावा लागेल. 100 ते 240 असं लिहिलं असेल तर फक्त वायर बदलायची. सामानाचं वजन, कस्टम आणि वॉरंटी न मिळणं धरलं तर मोठा कॉम्बो आणवण्यात अर्थ नाही. छोटं हेड किंवा पेडल जरूर आणवा.

फ्लॅटमध्ये राहतो. खालचे काका रोज वर येतात.

काकांना ऐकू येतो तो बहुतेक तुमच्या फरशीतून गेलेला आवाज. अ‍ॅम्प जमिनीवरून उचला, खाली जाड फोम किंवा दुमडलेली सतरंजी घाला, भिंतीपासून पुढे ओढा, बेसचा नॉब उतरवा. फरक त्याच दिवशी पडतो. रात्री दहानंतर मात्र हेडफोनच. सगळ्यात स्वस्त काही हवं असेल तर व्हॉक्सचं अ‍ॅमप्लग थेट बेसच्या जॅकमध्ये बसतं. झूम बी-1 फोरसारखं पेडल घेतलंत तर त्यात मेट्रोनोमऐवजी ताल आणि बरेच अ‍ॅम्पचे आवाजही मिळतात, आणि कार्यक्रमात तेच डीआयला जोडता येतं. बोटांना हवा हलल्याची सवय लागावी म्हणून दिवसातला थोडा वेळ तरी स्पीकरवर वाजवा.

बॅटरीवर चालणारा काही आहे का?

आहे. रोलंडचा मायक्रो क्यूब बेस आरएक्स सहा पेन्सिल सेलवर चालतो, चार इंची चार स्पीकर आहेत. बसून केलेल्या घरगुती मैफलीला, गिटार आणि कहॉनसोबत (बसून वाजवायचं खोक्यासारखं तालवाद्य) छान. ड्रमसोबत अजिबात नाही.

पावसाळ्यात अ‍ॅम्प कसा सांभाळायचा?

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा अ‍ॅम्पचा खरा शत्रू. माळ्यावर, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका. आतली ओल आतच राहते आणि कोनच्या कागदाला बुरशी धरते. सुती चादर टाका, भिंतीपासून हातभर दूर ठेवा आणि वाजवायचं नसलं तरी आठवड्यातून एकदा तासभर चालू करा. आतल्या उबेने ओल निघून जाते. पावसातून आणलेला अ‍ॅम्प लगेच सुरू करू नका, रात्रभर पंख्याखाली ठेवा. मागच्या छिद्रांतून मुंग्या शिरतात, म्हणून अ‍ॅम्पवर चहाचा कप ठेवण्याची सवय आजच सोडा. आणि सप्टेंबर संपला की सगळे जॅक आणि नॉब कॉन्टॅक्ट क्लीनरने एकदा स्वच्छ करून घ्या, कारण नवरात्राच्या कार्यक्रमांत मधूनच आवाज गेला तर दुरुस्तीला कुणाकडेच वेळ नसतो.